मुलांचा फेड कट आणि आपली शिस्त



उन्हाळ्याची सुट्टी संपून जूनमध्ये शाळा भरली की परिपाठाच्या रांगांकडे एकदा मागच्या बाजूने बघा. कितीतरी मुलांच्या कानावरचे केस जवळजवळ गायब झालेले असतात आणि वर मात्र कोंबड्याच्या तुऱ्यासारखे उभे. कुणाच्या कानशिलावर ब्लेडने मारलेली एक रेघ, कुणाच्या दोन. मुलं याला ‘फेड कट’ म्हणतात. आपण ऑफिसात बसून म्हणतो, “काय ही थेरं!” आणि पालक म्हणतात, “सर, तुम्हीच सांगा याला, आमचं काही ऐकत नाही.”

आज या विषयावर थोडं स्पष्ट बोलायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. केसांच्या स्टाईलवरून मुलाला रांगेतून बाहेर काढू नये आणि घरी तर मुळीच पाठवू नये. केस स्वच्छ असावेत, डोळ्यांवर येऊ नयेत, एवढा नियम शाळेला पुरे आहे. बाकी जे काही आहे ते शिकवण्याचं काम आहे आणि ते आपण व पालकांनी मिळून करायचं आहे.

हे मत माझं पहिल्यापासून नव्हतं. माझ्याच हातून झालेल्या एका चुकीमुळे ते बनलं.

माझी चूक

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्याकडे पाचवीचा वर्ग होता. सोमवारचा परिपाठ चालू होता. वर्गातला एक मुलगा (नाव सांगत नाही) बाजूने पूर्ण झिरो मशीन मारून आला होता. मी त्याला पुढे बोलावलं. “हे काय डोक्यावर? पिक्चरमध्ये जायचंय का?” सगळी पोरं हसली. मलाही जरा बरं वाटलं, कारण विनोद जमला होता. मग मी म्हणालो, “जा, केस नीट कापून ये. मगच वर्गात बस.”

तो गेला. मंगळवारी आला नाही, बुधवारी आला नाही. गुरुवारी आला तो डोक्यावर टोपी घालून, आणि वर्गात शेवटच्या ओळीत जाऊन बसला. मधल्या सुट्टीत मी त्याला टोपी काढायला लावली. डोक्यावर कात्रीचे चट्टे पडले होते. कुठे बोटभर केस, कुठे थेट कातडी दिसत होती. बापाने घरीच कात्री चालवली होती.

शुक्रवारी वडील शाळेत आले. भांडायला नाही, सांगायला आले. म्हणाले, “सर, सोमवारी सलून बंद असत्यात. मंगळवार-बुधवार मी कामावर. खाडा करून याला घिऊन जायाचं म्हंजी दिवसाची मजुरी गेली. आन् ते केस काय आम्ही हौसंनं कापलं नव्हतं. माझ्या मेव्हण्याचं पोरगं सलूनात काम शिकतंय. हात बसावा म्हणून ते घरच्या पोरांचं केस फुकटात कापतंय. तुम्हाला ती फॅशन वाटली.”

मी काय बोलणार? माझ्या डोक्यात एक सरळ हिशोब होता. साधे केस म्हणजे गरीब, कष्टाळू, गुणी मुलगा. फेड कट म्हणजे पैसा, मोबाईल आणि उनाडपणा. इथे नेमकं उलटं निघालं. तो फेड कट फुकटचा होता आणि मी मागितलेला ‘साधा कट’ त्या घराला महाग पडला. सोमवारी सलून बंद असतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मीसुद्धा रविवारीच कटिंगला जातो. पण त्या क्षणी ते सुचलंच नाही, कारण मला प्रश्न सोडवायचा नव्हता. मला दरारा दाखवायचा होता.

मुलाची तीन दिवस शाळा बुडाली. त्या तीन दिवसांत मी वर्गात अपूर्णांकांची बेरीज शिकवली होती. पुढे महिनाभर तो छेदाला छेद आणि अंशाला अंश मिळवत राहिला.

प्रत्येक पिढीचा एक ‘कट’ असतो

आता थोडं मागे जाऊन बघू. 1960 साली ‘लव्ह इन सिमला’ आला आणि कपाळावर कापलेल्या बटांचा ‘साधना कट’ देशभर गेला. तेव्हाच्या घरांत मुलींवरून काय वादावादी झाली असेल, याची कल्पना आपण करू शकतो. नंतर कान झाकणारा ‘बच्चन कट’ आला. 2003 साली ‘तेरे नाम’ आला तेव्हा मी हायस्कूलला होतो. मधोमध भांग आणि दोन्ही बाजूंनी डोळ्यांवर येणारे केस. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी ते वाढवले होते आणि त्या निम्म्यांत मी होतो. 2008 च्या डिसेंबरात ‘गजनी’ आला आणि पोरांनी डोक्यावर मशीन फिरवून त्यात पट्टा काढून घेतला. आज ते केस कुठे आहेत? ती पोरं आता बाप झाली आहेत आणि आपल्या पोरांच्या फेड कटवर रागावत आहेत.

गंमत म्हणजे आपण ज्याला बेशिस्त म्हणतो, त्या फेडचं एक मूळ लष्करी शिस्तीत आहे. गेल्या शतकाच्या मध्यावर अमेरिकन सैन्यात मान आणि कानाजवळचे केस बारीक करून वर हळूहळू वाढवत न्यायची पद्धत होती. पुढे तिथल्या कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या सलूनवाल्यांनी तिला कलेचं रूप दिलं आणि 1980 च्या दशकात ती संगीताबरोबर जगभर पसरली. मग फुटबॉलपटू, मग आपले क्रिकेटपटू, मग रील आणि तिथून आमच्या कुर्डुवाडीच्या स्टेशनाजवळच्या सलूनात. आपल्याकडे पूर्वीपासून ‘मिलिटरी कट’ होताच. फेड हा त्याचाच चुलतभाऊ आहे. मग एकाला आपण शिस्त म्हणतो आणि दुसऱ्याला थेरं म्हणतो, ते कशावरून?

डोक्याला हात लावण्याआधी

केस ही क्षुल्लक गोष्ट आहे असं आपल्याला वाटतं. पण आपल्याच इतिहासात केसांशी माणसाचा मान फार जवळून जोडलेला आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींमध्ये साताऱ्याचं लहानपण सांगितलं आहे. साताऱ्यात न्हावी नव्हते असं नाही आणि पैसे देण्याची ऐपत नव्हती असंही नाही. पण अस्पृश्य म्हणून कुणी केस कापत नसे. त्या घरातल्या मुलांचे केस त्यांची मोठी बहीण कापायची. सलूनच्या खुर्चीत बसणं हासुद्धा एके काळी लढून मिळवायचा हक्क होता, हे मुलांना सांगितलं तर त्या खुर्चीकडे ती वेगळ्या नजरेने बघतील.

दुसरं उदाहरण मुंबईचं. विधवा झालेल्या स्त्रियांचं जबरदस्तीने केशवपन करण्याची रूढी होती. सत्यशोधक चळवळीतले कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने 1890 च्या सुमारास मुंबईत नाभिकांनी एकत्र येऊन या कामाला नकार दिला. म्हणजे ज्यांचं पोट वस्तऱ्यावर होतं, त्यांनी सांगितलं की आमचा वस्तरा कुणाच्या अपमानासाठी चालणार नाही. मित्रांनो, हे वाचल्यावर मला परिपाठाला हातात कात्री घेऊन उभा राहिलेला शिक्षक आठवतो. असे शिक्षक मी विद्यार्थी म्हणून पाहिले आहेत. माझ्या त्या ‘तेरे नाम’ केसांचा पुढचा झुपका एका सरांनी सगळ्यांसमोर कापला होता. आज वीस वर्षांहून जास्त काळ झाला. त्यांनी शिकवलेला एकही धडा मला आठवत नाही, कात्रीचा आवाज मात्र आठवतो.

आणि हे फक्त भावनेचं नाही, कायद्याचंही आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम 2009, जो 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, त्याच्या कलम 17 मध्ये शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई आहे. छडी आपण सोडली. पण सगळ्यांसमोर हसवून मुलाला लहान करणं आपण अजून शिस्तच समजतो.

फेड म्हणजे नेमकं काय?

रागावण्याआधी ही गोष्ट आहे काय, ते समजून घेऊ. पालकांनाही याचा उपयोग होईल.

मशीनला जी प्लॅस्टिकची फणी लावतात तिला नंबर असतात. साधारणपणे 1 नंबर म्हणजे 3 मिलिमीटर केस राहतात, 2 नंबर म्हणजे 6, 3 नंबर म्हणजे सुमारे 10 आणि 4 नंबर म्हणजे सुमारे 13 मिलिमीटर. फणी काढून नुसतं मशीन फिरवलं की झिरो. फेडमध्ये खाली लहान नंबर आणि वर जाताना मोठा नंबर लावतात. दोन नंबरांच्या मधली रेघ दिसू नये, केस धुक्यासारखे विरत जावेत, यातच कारागिराचं कसब असतं. बारीक होणं कानाच्या थोडं वर थांबलं तर लो फेड, कानशिलाच्या मध्यापर्यंत गेलं तर मिड आणि त्याहून वर गेलं तर हाय फेड. खाली थेट कातडी दिसली तर स्किन फेड. फक्त कल्ले आणि मानेजवळचे केस निमुळते केले तर त्याला टेपर म्हणतात.

आता खरा मुद्दा. डोक्यावरचे केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतात, म्हणजे तीन दिवसांत सुमारे 1 मिलिमीटर. झिरो मारलेली बाजू नऊ-दहा दिवसांत 1 नंबरवर येते. म्हणजे स्किन फेडचा तो विरत जाणारा आकार पंधरा दिवसांत पुसट होतो. ज्याला तो टिकवायचा आहे त्याने महिन्यातून दोनदा सलून गाठलं पाहिजे. समजा एका कटिंगचे 80 रुपये, तर वर्षाला 24 वेळा म्हणजे 1,920 रुपये. महिन्यातून एकदा गेलं तर 960 रुपये. हा हिशोब मुलाला रागावून सांगू नका, त्याच्याकडूनच करून घ्या. ‘नाही’ हा शब्द आपण उच्चारण्याआधी तो स्वतःच म्हणेल, “मग लो फेडच बरा.”

पालकांनो, खुर्चीत बसवण्याआधी

मुलाला फेड हवाच असेल तर या गोष्टी बघा.

शाळकरी मुलाला लो फेड किंवा टेपर सगळ्यांत बरा. वाढला तरी विचित्र दिसत नाही आणि महिनाभर सहज निघतो. बाजूला 2 किंवा 3 नंबरपासून सुरुवात करायला सांगा. कमी वाटलं तर आणखी बारीक करता येतं, कापलेले केस मात्र परत चिकटवता येत नाहीत.

मुलाचा भोवरा बघा. काही मुलांना दोन भोवरे असतात. (आजी म्हणते दोन लग्नं होणार, ते सोडून द्या.) भोवऱ्याजवळचे केस फार आखूड केले की ते सरळ उभे राहतात आणि पाणी लावा, तेल लावा, बसत नाहीत. तिथे थोडी लांबी ठेवायला सांगा.

सलूनमध्ये नुसतं “याचे बारीक करा” म्हणून मोबाईल बघत बसू नका. बाजूला कितवा नंबर, कुठपर्यंत आणि वर किती ठेवायचं, या तीन गोष्टी सांगा. आणि त्या सांगायचं काम मुलाला द्या. स्वतःला काय हवं ते अनोळखी माणसाला नीट शब्दांत सांगणं हेसुद्धा शिक्षणच आहे.

स्वच्छतेच्या बाबतीत मात्र भीड धरू नका. मशीन आणि कंगवा साफ नसेल तर डोक्याचा नायटा एका मुलाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. वस्तरा लागणार असेल तर ब्लेड आपल्यासमोर नवीन घालायला सांगा, कारण वापरलेल्या ब्लेडने काविळीच्या काही प्रकारांसारखे रक्तातून पसरणारे आजारही लागू शकतात. याच कारणासाठी लहान मुलाच्या डोक्यावर ब्लेडने रेघा आणि डिझाईन काढायला माझा विरोध आहे. तो स्टाईलला नाही, ब्लेडला आहे. मुलालाही हेच कारण सांगा, “लोक काय म्हणतील” हे सांगू नका.

आपल्या सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा 42 च्या पुढे जातो. कातडी उघडी पडेल इतकं बारीक मार्च ते मे या काळात करू नये आणि केलंच तर टोपी घालावी. बाकी निगा साधी आहे. आठवड्यातून दोन-तीन वेळा केस धुवायचे आणि हवं तर थोडं खोबरेल लावायचं. मुलांना जेल आणि स्प्रेची गरज नाही.

शिक्षकांनो, विषय आयता मिळाला आहे

आपण नेहमी म्हणतो, अभ्यास मुलांच्या जगण्याशी जोडा. मग मुलं डोक्यावर घेऊन येतात तो विषय का सोडायचा?

गणितात मिलिमीटर शिकवताना मशीनचे नंबर घ्या. “3 मिलिमीटर केस 9 दिवसांनी किती होतील आणि तो कितवा नंबर असेल?” माझ्या वर्गात या उदाहरणाला न बोलणारी पोरंसुद्धा हात वर करतात. चौथीच्या इतिहासात प्रतापगडावरचा जिवा महाला येतो, 1660 साली पन्हाळ्याच्या वेढ्यात शिवाजी महाराजांचं सोंग घेऊन मृत्यू पत्करणारा शिवा काशिद येतो. दोघेही नाभिक समाजातले. पंढरपूर आपल्या शेजारी आहे. वारीत ज्यांचं नाव आदराने घेतात ते संत सेना महाराजही त्याच व्यवसायातले. मराठीत ‘सलूनमधील एक तास’ हा निबंध द्या किंवा गावातल्या सलूनवाल्या काकांची मुलाखत घ्यायला लावा. किती वाजता दुकान उघडता, उभं राहून पाय दुखतात का, पहिला कट कुणाचा केला, तो बिघडला का? माझ्या वर्गातल्या पोरांनी असे प्रश्न काढले होते. त्यानंतर ‘न्हावी’ हा शब्द चिडवायला वापरणं वर्गात आपोआप कमी झालं.

काही सहकारी म्हणतील, “एवढी सूट दिली तर उद्या केस रंगवून येतील.” येतील कदाचित. तेव्हाही हीच पद्धत वापरू. लहान मुलाच्या कातडीला रंगातली रसायनं त्रास देऊ शकतात, हे पालकांना बाजूला घेऊन सांगू. मुलाला वर्गात बसवू आणि बोलणं नंतर करू. “शिस्तीचं काय?” असंही कुणी विचारेल. वेळेवर येणं, गृहपाठ करणं, दुसऱ्याला न मारणं, रांगेत आपल्या पाळीची वाट बघणं ही शिस्त. तिचा कानावरच्या केसांशी काही संबंध मला इतक्या वर्षांत दिसलेला नाही. माझ्या वर्गात तेल लावून चापून भांग पाडणारा मुलगाही कॉपी करतो आणि फेडवाला मुलगा सांडलेलं पाणी न सांगता पुसतो. उलटंही होतं.

शेवटी त्या मुलाचं सांगतो. वडील भेटून गेल्यावर पुढच्या सोमवारी परिपाठात मी सगळ्यांसमोर म्हणालो, “मागच्या सोमवारी मी याला हसलो आणि घरी पाठवलं. माझं चुकलं.” ज्या रांगेसमोर अपमान केला त्याच रांगेसमोर माफी मागायला हवी होती, म्हणून मागितली. मुलं गप्प झाली. तो खाली मान घालून उभा होता. दुसऱ्या दिवशी तो टोपी न घालता आला. केस अजून तसेच खडबडीत होते, पण दुसऱ्या ओळीत येऊन बसला.

त्याचा तो मामेभाऊ आता दुसऱ्याच्या सलूनात एक खुर्ची चालवतो. मी माझी कटिंग त्याच्याकडेच करतो. पहिल्या वेळी त्याने विचारलं, “सर, कसं ठेवू?” मी म्हणालो, “बाजूला तीन नंबर, लो ठेव.” तो आरशातून माझ्याकडे बघून हसला आणि कामाला लागला.

येत्या सोमवारी परिपाठाला एखादं डोकं तुमच्या डोळ्यांत खुपलंच, तर त्याला पुढे बोलावू नका. मधल्या सुट्टीत त्याच्या शेजारी बसा आणि एवढंच विचारा, “कुणी कापले रे? छान हात आहे.” तो जे सांगेल ते ऐका.